खिळ्यावरची नान

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या वेस्टहागेन भागात एका सहा मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, भास्कर खटावकर राहायचा. रोज सकाळी बरोब्बर सात वाजता त्याच्या स्वयंपाकघरातला हीटरचा पाइप तीनदा वाजायचा. टण, टण, टण. भास्कर हाताला लागेल तो चमचा घेऊन उलट तीन ठोके द्यायचा आणि मगच चहाचं आधण ठेवायचा. चौथ्या मजल्यावर हेर क्रूगर, म्हणजे क्रूगरसाहेब, असे एक निवृत्त गृहस्थ होते, दुसरा उद्योग नाही. ते खाली सूचनाफलकावर चिठ्ठी लावायचे : ‘सकाळी सात वाजता पाइप ठोठावतो. हाउसमाइस्टरने लक्ष घालावे.’ इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर बिचारा येऊन पाइप तपासून जायचा. पाइपात काय सापडणार, कप्पाळ!

वाजवायची ती दुसऱ्या मजल्यावरची, बरोबर भास्करच्या पायाखाली राहणारी लीडिया वाल्टर. वय शहात्तर, गुडघे गेलेले, डोक्याला सदा फुलाफुलांचा रुमाल. लोखंडी पळीने ती हे तीन ठोके द्यायची. अर्थ एवढाच, की मी उठले, तू उठलास का? भास्करचा अख्खा दिवस या तीन ठोक्यांवर उभा असायचा. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

माणूस मूळचा सांगलीचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, पुण्यात गिअरबॉक्सच्या कामात हात बसला, आणि ब्याण्णव साली बायको वासंती आणि पाच वर्षांचा सिद्धांत यांना घेऊन इकडे आला. कारखान्यात त्याचं काम होतं ऐकण्याचं. खरंच सांगतो. बंद खोलीत गिअरबॉक्स फिरवायचा, कानाला यंत्र लावायचं, आणि कुठला दात झिजलाय, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं. जर्मन साहेब म्हणायचे, खटावकरचा कान म्हणजे कान. आणि असा हा कानाचा माणूस घरी आला, की घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. देवाची करणी बघा.

वासंती होती तेव्हा तसं नव्हतं. सकाळी दारात भास्कर घाईघाईत म्हणायचा, “जातो गं.” की आतून आवाज यायचाच : “अहो, येतो म्हणा! किती वेळा सांगायचं?” मग हा चपळाईने “येतो, येतो” म्हणून जिना उतरायचा. दोन हजार एकच्या फेब्रुवारीत वासंती गेली. दुखणं चार महिन्यांचं. त्यानंतरही कितीतरी दिवस भास्कर दार ओढून घेताना रिकाम्या घराला “येतो” म्हणत राहिला. एक दिवस म्हणता म्हणता स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर पडला, आणि त्याला इतकं कसंनुसं झालं, की त्या दिवसापासून त्याने ते सोडून दिलं.

सिद्धांत येनाला ऑप्टिक्स शिकत होता. पोरगा वाईट नाही हो, रविवारचा फोन कधी चुकवला नाही. पण बाप मराठीत विचारणार, “जेवलास का रे?” आणि पोरगा जर्मनमध्ये उत्तर देणार. जा, पापा. नाइन, पापा. म्हणजे हो आणि नाही. चार मिनिटांत फोन संपायचा. भास्कर रिसीव्हर ठेवायचा आणि मग पुढचा रविवार यायची वाट बघायचा.

लीडियाची आणि त्याची ओळख झाली वासंती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दारावर थाप पडली. बघतो तर खालची म्हातारी, हातात झाकलेलं भांडं आणि त्यावर गोल, जाडजूड, मधोमध नक्षी टोचलेली पाव-भाकरी. म्हणाली, “आमच्याकडे मेल्याच्या घरात तीन दिवस चूल पेटवत नाहीत. खा.” भास्कर बघतच राहिला. सुतकात शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा हे सांगलीत त्याने जन्मभर पाहिलेलं, पण ते या गावात, जर्मन म्हातारीकडून? तीन दिवस तिने जेवण आणलं. चौथ्या दिवशी आणलं नाही, पण सकाळी सातला पाइप वाजला.

पुढे कळलं, की म्हातारी जर्मन खरी, पण जर्मनीची नव्हे. रशियात, व्होल्गाकाठच्या जर्मन वस्तीत जन्मली. अकरा वर्षांची असताना लढाई पेटली आणि सरकारने सगळ्या जर्मनांना गुरांसारखं आगगाडीत कोंबून कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकलं. तिथे आई गेली. पुढे गाव सोडायची बंदी उठल्यावर ही एकटी दक्षिणेला उतरली आणि ओश नावाच्या गावी रेशमाच्या गिरणीत कामाला लागली. ओश म्हणजे किर्गिझस्तानच्या टोकाचं, डोंगरांनी घेरलेलं शहर. काशगरहून पश्चिमेला जाणारे उंटांचे तांडे पूर्वी तिथे विसावा घेत. तिने तिथेच हाइनरिशशी लग्न केलं, तिथेच त्याला पुरलं, आणि चौऱ्याण्णव साली मुलगा व्हिक्टर “चल, आपला देश बोलावतोय” म्हणाला म्हणून इकडे आली. व्हिक्टर वर्षभरात कामासाठी म्युनिककडे निघून गेला. आता नाताळला यायचा.

“आपला देश!” लीडिया म्हणायची. “तिकडे आम्ही जर्मन होतो, इकडे आम्ही रशियन आहोत. चहा पी.”

भास्कर तिला मावशी म्हणायचा. एकदा तिने अर्थ विचारला. तो म्हणाला, “आईची बहीण.” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “गेनाऊ, अगदी बरोबर. आई म्हणाला असतास तर चाललं नसतं. बहीण चालेल.”

दोन हजार सहाच्या सुरुवातीला साहेबाने भास्करला बोलावून सांगितलं, की तुझी साठलेली रजा मार्चअखेर संपव, नाहीतर ती बुडेल. भास्करने संध्याकाळी हे लीडियाला रडगाणं सांगावं तसं सांगितलं. पंधरा दिवस घरात बसून करायचं काय? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी याची धाव कारखान्यापर्यंत.

लीडिया बराच वेळ बशीतल्या जर्दाळूच्या मुरंब्यात चमचा फिरवत बसली. मग म्हणाली, “ओशला जाशील?”

आणि मग तिने नानची गोष्ट सांगितली. तिकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की घरची माणसं ताजी नान समोर धरतात. जाणाऱ्याने तिचा एक घास तोडायचा. उरलेली नान घरातली माणसं भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवतात. तो माणूस परत आला, की त्याने ती संपवायची. लीडिया निघाली तेव्हा तिची शेजारीण रानो, उझबेक, गिरणीत पस्तीस वर्षं सोबत असलेली मैत्रीण, हिने उंबऱ्यात उभं राहून नान पुढे केली होती. लीडियाने घास घेतला होता.

“बारा वर्षं झाली. हाइनरिशच्या थडग्यावर फुलं ठेव. आणि रानोकडे जाऊन माझी नान तिथे आहे का, ते बघून ये.”

“बघून येतो,” भास्कर म्हणाला. कुणीतरी आपल्याला काम सांगितलं याचाच त्याला केवढा आनंद झाला होता!

तीन विमानं बदलून तो ओशला उतरला. शेवटचं विमान इतकं चिमुकलं, की बर्फाचे डोंगर पंखाला घासतात की काय असं वाटावं. खाली मात्र जर्दाळू फुलले होते. गावाच्या मधोमध उघडाबोडका सुलेमान डोंगर, बसलेल्या उंटासारखा, आणि नदीच्या दोन्ही काठांनी मैलभर पसरलेला बाजार. पांढऱ्या उंच टोप्यांचे किर्गिझ, काळ्या चौकोनी टोप्यांचे उझबेक, शेवग्याच्या शेंगेएवढ्या लांब शेवया हाताने ओढणारा उइगुर, गाजराची तिखटजाळ कोशिंबीर विकणारी कोरियन बाई, बरणीत काकड्या घेऊन बसलेली रशियन आजी, सुकामेव्याच्या राशीमागे ताजिक. एका बोळात सहा भाषा, आणि सगळे एकमेकांशी एकाच वेळी भांडत होते. भास्करला सांगलीचा गणपती पेठेतला बाजार आठवला. पण तिथे कुणीतरी “काय रे भास्कर, कधी आलास?” म्हणालं असतं. इथे सहा भाषांत त्याची एकही नव्हती.

तरी लोक गोड. “हिंदुस्तान” म्हटलं, की म्हातारे छातीवर हात ठेवून वाकायचे, चहा पुढे करायचे. आणि तिसरा प्रश्न ठरलेला. खुणेने, मोडक्या रशियनमध्ये, कसाही विचारायचे : एकटाच आलास? बायको? मुलं? वोल्फ्सबुर्गात पाच वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. इथे चहाच्या प्रत्येक पेल्याबरोबर विचारत होते. तो एक बोट वर करून दाखवायचा. एकटा. मग विचारणारा जीभ टाळ्याला लावून च् च् करायचा आणि साखरेचा खडा त्याच्यापुढे सरकवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी असा एक खडा तोंडात असताना भास्करच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तो चहाने जीभ पोळल्याचं नाटक करत उठला.

हाइनरिशच्या थडग्यावर फुलं ठेवून झाली. मग रानोचं घर. मातीच्या भिंतींची गल्ली, निळं लाकडी दार, आत अंगणात द्राक्षाचा मांडव. रानो सत्तरीची, कमरेत वाकलेली, तोंडात सोन्याचे दोन दात. तिची मुलगी गुलनारा शाळेत जर्मन शिकवायची. ती भाषा लहानपणी तिने लीडियाच्याच मांडीवर बसून उचललेली, म्हणून तिच्या जर्मनलाही व्होल्गाकाठची तीच जुनी धाटणी होती. ऐकून भास्करला क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्या मजल्यावरच आहोत.

पुलाव झाला, चहा झाला, लीडियाचे फोटो हातोहात फिरले. रानोने प्रत्येक फोटोतल्या लीडियाला बोटाने गोंजारलं. मग उठली आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली.

उत्तरेकडच्या भिंतीवर, खिळ्याला, भरतकाम केलेल्या कापडात नान होती. रानोने कापड बाजूला केलं. दगडासारखी वाळलेली, तपकिरी, आणि कडेला एका घासाची खाच. बारा वर्षांपूर्वीचा घास. लीडियाचे दात दिसावेत इतकी स्पष्ट.

भास्करने फोटो काढला. इथेच थांबायचं की नाही? काम झालं होतं. ‘बघून ये’ म्हणाली होती, बघितली. पण नाही! आपला माणूस पडला सांगलीचा. लहानपणी त्याने पाहिलेलं, की गल्लीतलं कुणी काशीला गेलं, की न गेलेल्यांसाठी गंगेचा गडू यायचा. त्याची आजी अंथरुणाला खिळली होती, तिच्यासाठी शेजारच्या यमुनाकाकूंनी गडू आणला, तेव्हा आजी काशी घडली म्हणून ओक्साबोक्शी रडली होती. ज्याला जाता येत नाही त्याच्यापर्यंत तीर्थ न्यायचं, यासारखं पुण्य नाही, हे भास्करच्या रक्तातच होतं. त्याला त्या नानमध्ये लीडियाचा गडू दिसला.

“ती आता येऊ शकणार नाही,” तो गुलनाराला म्हणाला. “गुडघे गेलेत. जिनासुद्धा उतरत नाही. मी ही नान तिच्याकडे घेऊन जातो. तिच्या हातात देतो.”

“आल्झो, म्हणजे... हे असं करत नाहीत,” गुलनारा चाचरत म्हणाली.

“पण तिला किती आनंद होईल!”

गुलनाराने आईला सांगितलं. रानो भास्करकडे बघत राहिली. पाहुण्याने तोंड उघडून मागितलं, आणि त्या घरात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. तिने दोन्ही हातांनी नान उतरवली, कापडात गुंडाळली, कपाळाला लावली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. भास्करला आजी आठवली. त्याला वाटलं, तसंच रडू आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही.

परतीच्या तिन्ही विमानांत त्याने ती नान मांडीवर घेतली. पिशवीत ठेवली नाही, उलटी होऊ दिली नाही. कितीतरी वर्षांनी त्याला घरी जायची घाई झाली होती. मनात मांडे भाजत होता : म्हातारी रडेल, हसेल, मग आपण साधासा भात-आमटीचा बेत करू, काशीहून आल्यावर करतात तसं मावंदं घालू.

घरी सामानसुद्धा न टाकता तो दुसऱ्या मजल्यावर गेला. लीडियाने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. “आहे? बघितलीस?”

“बघितली कसली, घेऊनच आलो!” त्याने कापड उलगडलं.

लीडियाने नानकडे बघितलं. मग त्या खाचेवर अंगठा ठेवला.

“आता तिथे खिळ्यावर काय आहे?”

“काही नाही. रिकामा आहे खिळा.”

“रिकामा,” ती म्हणाली. “बारा वर्षं मी रोज झोपताना काय म्हणायचे, माहीत आहे? लीडिया, जगात एका भिंतीवर तुझी वाट बघणारं काहीतरी आहे. मी जाणार नव्हते रे. मला माहीत होतं. पण ते तिथे होतं.” तिने नान घेतली. “तुला बघून ये म्हटलं होतं.”

आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी सकाळी भास्कर पावणेसातपासून पाइपाजवळ चमचा घेऊन उभा राहिला. सात वाजले. सव्वासात वाजले. पाइप वाजला नाही. त्याने आपणहून तीन ठोके दिले. खालून उत्तर नाही. म्हातारी धड आहे हे त्याला कळत होतं, कारण कान तयारीचा : खालून नळ सुटल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. म्हणजे ती होती. फक्त त्याच्यासाठी नव्हती.

असे सात आठवडे गेले. तो दाराशी जर्दाळू ठेवून आला, ते तसेच राहिले. बेल वाजवली, पावलं दारापर्यंत आली आणि परत गेली. रविवारी त्याने सिद्धांतला सगळं सांगितलं. एरवी चार मिनिटांचा फोन त्या दिवशी वीस मिनिटं चालला. पोरगा जर्मनमध्ये म्हणाला, “पापा, तुझा हेतू चांगला होता.” हो, होता. हेतूला घेऊन काय जाळायचंय? आणि एकदा जिन्यात हेर क्रूगर भेटले, खूश होते. म्हणाले, “हेर खटावकर, शेवटी पाइप दुरुस्त झाला बघा!” भास्कर “जा, जा” म्हणाला, घरात आला, आणि कोट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिला. वासंती गेल्यावरही या घरात इतकं एकटं त्याला वाटलं नव्हतं. तेव्हा निदान चूक त्याची नव्हती.

शेवटी त्याने ओशला फोन लावला. गुलनाराला म्हणाला, “आईला विचार, मी हे निस्तरू कसं? नान परत पाठवू का?”

पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं. मग रानो चक्क हसल्याचं ऐकू आलं. गुलनारा सांगायला लागली : “आई म्हणते, लीडिया येणार नाही हे तिला दहा वर्षांपासून ठाऊक आहे. तिला काय वेड लागलंय? पण दर शुक्रवारी ती ती नान उतरवायची, कापड झटकायची, परत टांगायची. म्हणते, माझी माणसं मॉस्कोला गेली, कोरियाला गेली, नवरा मातीत गेला. वाट बघायला कुणीतरी असलं, की घर घर राहतं. आता शुक्रवारी मी काय झटकू?”

भास्करने रिसीव्हर ठेवला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, की नुकसान एकट्या लीडियाचं केलं. ते दोघींचं होतं. एकीचं कुणी वाट बघणारं उरलं नव्हतं आणि दुसरीला वाट बघायला कुणी. आणि आपलं काय, असा प्रश्न त्याच्या मनात आला तेव्हा त्याला कळलं, की आपल्याला तर या दोन्हींतलं काहीच नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याला उशिरा कळलं, पण कळलं.

जूनमध्ये सांगलीला मोठ्या भावाची, दीनानाथची, साठीशांत होती. तीन आठवडे जायचं होतं. निघायच्या दिवशी भास्करने मागच्या वेळी गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं. विरी गेलेलं पीठ, भाकरी थापली की चिरायची. चौथी कशीबशी अखंड उतरली, पण जाडी विचारू नका. तिचा त्याने एक घास तोडून खाल्ला, उरलेली पंच्यात घेतली, बॅग उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली.

पावलं आली आणि थांबली. या वेळी तो दाराशी बोलायला लागला. “मावशी, मी सांगलीला निघालोय. तीन आठवडे. ओशची वारी सोडली, तर पाच वर्षांत मी कुठेही गेलो तरी कुणाला सांगून गेलो नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं. मी घास घेतलाय. उरलेली ठेवायला माझ्याकडे भिंत नाही. माझ्या घरातल्या भिंतीवर टांगली तर ती वाट बघणारी नव्हे, नुसती भाकरी.”

मग साखळी लावूनच दार चार बोटं उघडलं. लीडियाने भाकरीकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“भाकरी.”

“बुटाचा तळ आहे.”

“मला एवढीच येते.”

“आणि उलटी धरलीस. अन्न उलटं धरतात?” फटीतून हात बाहेर आला, त्याने भाकरी घेतली, सुलटी केली, आणि दार लागलं.

तिने ती कचऱ्यात टाकली तरी त्याला कळणार नव्हतं. तो दोन मिनिटं तिथेच उभा राहिला. मग पाच वर्षांत न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडून निघाला. “येतो, मावशी,” तो मराठीत म्हणाला आणि जिना उतरला.

सांगलीत साठीशांत थाटात झाली. वहिनीने पुरणपोळ्या वाढल्या, दीनानाथने “आता कायमचा ये” म्हणून नेहमीचा आग्रह केला. भास्कर सगळ्यांत होता आणि नव्हता. ताटात भाकरी आली, की त्याला वाटायचं, माझी कुठे असेल? खिळ्याला की बादलीत?

परतला तो शनिवारी संध्याकाळी. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्याची पावलं जड झाली, पण बेल वाजवायचा धीर होईना. वर गेला, तसाच झोपला.

सकाळी पाइप वाजला. टण, टण, टण.

रविवार होता, आणि भास्करला चमचा सापडेना. त्याने खणातून सांडशी काढली आणि अशी काही हाणली, की वर हेर क्रूगर अंथरुणात उठून बसले असतील. मग बनियनवरच सदरा चढवत खाली धावला.

दार उघडंच होतं. लीडियाच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी, नवा खिळा ठोकलेला. त्याला रानोच्याच कापडात त्याची भाकरी. टेबलावर हिरव्या चहाची किटली.

“बस,” ती म्हणाली. “संपव. सगळी.”

तीन आठवड्यांची, विरी गेलेल्या पिठाची भाकरी! दाढ हलेल अशी कडक. भास्कर चहात बुडवून बुडवून खात राहिला. ती समोर बसून बघत होती. एक तुकडा बशीत राहिला तर तिने बोटाने दाखवला. तो खाता खाता रडत होता, आणि तिने तिकडे लक्ष दिलं नाही, एवढी समज तिला होती.

मग ती उठली आणि कपाटातून ओशची नान काढली. टेबलाच्या कडेवर टेकवून वरवंट्यासारखा हात मारून तिने तिचे दोन तुकडे केले. खाच असलेला तुकडा आपल्या पेल्यात बुडवला आणि सावकाश चघळायला लागली.

“मीही आले बाबा परत,” ती म्हणाली. “बारा वर्षं लागली, तीही तू ओढत आणलंस म्हणून.” थोड्या वेळाने दुसरा तुकडा तिने त्याच्याकडे सरकवला. “याची एक कड तू मोड. उद्या पोस्टाने रानोला पाठव. म्हणावं, हा हिंदुस्तानी घास घेऊन गेलाय, परत येईल. शुक्रवारी तिला झटकायला काहीतरी नको का?”

भास्करने कड मोडली. बारा वर्षांच्या त्या नानला चव अशी काही नव्हती, धुळीसारखी लागली. त्याने ती नीट चावून गिळली.

सोमवारी पार्सल घेऊन तो जिना उतरला. दुसऱ्या मजल्यावर “येतो” म्हणाला, आतून पळीचा एक ठोका आला. खाली सूचनाफलकावर हेर क्रूगरांची ताजी चिठ्ठी होती : ‘पाइप पुन्हा वाजू लागला आहे. पूर्वीपेक्षा जोरात.’ भास्करने ती दोनदा वाचली. तिचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्याने नीट दाबून चिकटवला आणि पोस्टाकडे निघाला.